गणंग

वाल चौलचे. आत्याने धाडलेले,
रेवसच्या लाँचने भाऊच्या धक्क्यावर उतरले.
पिशवीवर बॉलपेनने बाबांचं नाव, हरेश्वर,
आणि त्याखाली: बोंबलांजवळ ठेवू नये.
ठेवले होते. लाँचभर.

शुक्रवारी रात्री भिजत घातले,
शनिवारी पंचात बांधून
फ्रिजच्या मागे, जिथे भिंत जरा कोमट असते.
रविवारी डोळे उघडायच्या आधी कळलं, मोड आले.
तो वास, ओल्या गोणपाटाचा, थोडा गोठ्याचा,
माझगावच्या या जिन्यात दोन मजले उतरतो
आणि खालून फिलू आंटी विचारतात,
"वाल काय गो?"

गरम पाणी, परात, आम्ही दोघं.
चिमटीत धरून दाबायचं, की डाळिंबी सुटते,
कधी परातीत, कधी थेट कपाटाखाली.
बाबा गोदीत फिटर होते, चौतीस वर्षं.
बोटं अजून मापात चालतात.
माझ्या पन्नास होईस्तोवर त्यांच्या दोनशे.
मोजत नाही म्हणतात.
मोजतात.

जबड्याचं ऑपरेशन झाल्यापासून
तोंड दोन बोटं उघडतं.
त्यांची नव्हेत, माझी.
डॉक्टरांनी कागदावर लिहिलं: मऊ. खाली दोन रेघा.
तेव्हापासून चार महिने पेज, खिमट, डब्यातली पावडर,
आणि कुस्करलेलं केळं, ज्याच्याकडे ते
रांगेत मध्येच घुसलेल्या माणसाकडे बघावं
तसे बघतात.
परवा वीजबिलाच्या पाठीवर लिहिलं: बिरडं.
मग ते खोडून: वास तरी.

म्हणून हा उद्योग.
तेलात हिंग, जिरं, लसूण नेहमीपेक्षा जास्त, पण मऊ होईतो परतलेला.
हळद. मिरचीची जागा रिकामी ठेवली,
तोंड आतून अजून कच्चं आहे.
आमसूल नुसतं बुडवून काढलं.
गुळाचा खडा, नारळाचं दूध,
आणि शिजवलं, शिजवलं, आई असती तर
डाव हिसकावून घेतला असता.
आमच्याकडे डाळिंबी मोडणं म्हणजे
पाहुण्यांसमोर ताट पडणं.
ती पातेलं दोन्ही हातांनी धरून हलवायची,
आत काही घालायची नाही.
दाणा अख्खा दिसला पाहिजे.

तोच दाणा मी मिक्सरमध्ये ओतला,
झाकण तळहाताने दाबलं
आणि दुसरीकडे बघितलं.

घर्र. घर्र. मग मध्येच
खट्, खट्, खट्.

बाबा बाहेरच्या खोलीतून आले.
यंत्राचा आवाज बदलला की ते येतातच.
बटण बंद केलं, झाकण काढलं,
पात्यांखालून दोन बोटांनी उचलून बाहेर काढला:
गणंग.
न भिजलेला, न मोड आलेला, सालासकट,
कडेला एक टवका उडालेला, बस.
त्यांच्या दोनशेंतून आला की माझ्या पन्नासातून,
विचारलं नाही.
बाबांच्या हातून गणंग निसटत नाही,
हेही बोलले नाही.

नळाखाली धरला, लेंग्याला पुसला
आणि मी "अहो बाबा" म्हणेपर्यंत
गालात. चांगल्या बाजूच्या.
पंजा वर केला, थांब म्हणून.
चावला नाही. चावणार कसे.
नुसता या दाढेपासून त्या दाढेपर्यंत
नेला, आणला, नेला,
गोदीत पाळी संपताना
किल्ल्यांचा जुडगा खिशात वाजवायचे तसा.

पाव मी कडा काढून ठेवला होता,
वर ते पिवळसर, जाडसर, सुरीने सारवलेलं.
दिसायला भिंतीला लावायची लांबी.
गणंग काढून त्यांनी बशीच्या कडेला ठेवला,
चतकोर पाव खाल्ला,
अर्धा तास लागला.
मध्ये एकदा डोळे मिटले, पण तेवढंच.

मग वीजबिल ओढून घेतलं.
मीठ कमी.

हे मात्र खोडलं नाही.